सभागृह देण्याआधी एक प्रश्न विचारा

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
नाशिक शहर व परिसरातील ज्येष्ठ नागरिक संघ

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच एक आहे. सहा वर्षांपासून इंदिरानगर भागातल्या एका संघाची सभासद. त्याआधीची एकतीस वर्षं रुग्णालयांत गेली. सुरुवात एक्स-रेच्या डार्करूममध्ये, मग सीटी स्कॅन, आणि शेवटची चौदा वर्षं एमआरआयच्या यंत्रावर. एमआरआय म्हणजे एक अवाढव्य चुंबक. त्याच्या शेजारी उभं राहून मी रोज माणसांना आत पाठवत होते आणि बाहेर काढत होते. चुंबकाबद्दल मला जे ठाऊक आहे ते पुस्तकातलं कमी आणि हाताखालचं जास्त आहे. म्हणूनच हे पत्र मीच लिहायला हवं असं वाटलं.

विषय आपल्या सभागृहांत भरणाऱ्या ‘मोफत चुंबक चिकित्सा शिबिरां’चा आहे. सिडकोपासून म्हसरूळपर्यंत आणि नाशिकरोडपासून गंगापूर रोडपर्यंत ही शिबिरं आता कोणाला नवीन नाहीत. गुडघ्याचा पट्टा, कंबरेचा पट्टा, बंडी, उशी, गादी, चपलेत घालायचे तळवे, मनगटातलं कडं, पाण्याच्या तांब्याखाली ठेवायची चकती, सगळ्यांत चुंबक. सतरंजीवर बसवतात, चहा देतात, पाऊण तास पट्टा बांधून ठेवतात आणि मग दर सांगतात. ही शिबिरं बंद करा, असं मी पहिल्याच वाक्यात म्हणत नाही. आधी माझ्या घरी काय घडलं ते ऐका.

माझे थोरले दीर, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, नोट प्रेसमधून निवृत्त झाले. जेलरोडला मुलगा-सुनेबरोबर राहतात. वय ७८. तीन वर्षांपूर्वी ते दोनदा चक्कर येऊन पडले. नाडी चाळिशीच्या खाली गेली होती. त्यांना पेसमेकर बसवला, छातीच्या डाव्या बाजूला, गळ्याजवळच्या हाडाखाली, कातडीच्या अगदी खालीच. तेव्हापासून तब्येत ठणठणीत. सकाळी फिरणं, दूध आणणं, संघाच्या सहलीला जाणं, सगळं सुरू होतं. एक डावा खांदा तेवढा आखडलेला. हात वर गेला की कळ यायची.

डिसेंबरात त्यांच्या संघाच्या सभागृहात शिबिर झालं. संघाच्या महिन्याच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘आरोग्यविषयक मार्गदर्शन’ असं छापलं होतं. आलेल्या माणसाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. त्याने सगळ्यांकडून एक फॉर्म भरून घेतला. नाव, फोन, काय दुखतं, किती वर्षांपासून दुखतं, घरी कोण कोण, मुलगा काय करतो. पेसमेकर आहे का, हा प्रश्न त्या फॉर्मवर नव्हता. तो त्या माणसाने तोंडी विचारला नाही, सचिवांनी विचारला नाही, आणि अण्णांच्या शेजारी बसलेल्या चाळीस जणांपैकी कोणाच्या मनातही आला नाही. येणार कुठून? अण्णांच्याच मनात आला नाही. खांदा दुखतो म्हणून त्यांनी छाती, खांदे आणि पाठ अशी सगळीकडे चुंबकं शिवलेली बंडी घेतली. साडेआठ हजारांना. रात्री झोपतानाही अंगात ठेवा, जास्त फायदा होतो, असं त्यांना सांगितलं गेलं. थंडीचे दिवस होते, बंडी उबदार होती, त्यांनी ती अंगातून काढलीच नाही.

आठवड्याभरात त्यांना धडधड व्हायला लागली. झोपेतून दचकून उठायचे. जिना चढताना दम लागायचा, आणि बसून राहिले तरी छातीत काहीतरी धावतंय असं वाटायचं. मुलगा दोनदा रुग्णालयात घेऊन गेला. तिथे कपडे काढून ईसीजी काढला, दोन्ही वेळा पट्टी नीट आली. पेसमेकरही तपासला, बॅटरी उत्तम, तारा जागेवर. डॉक्टरांनी सांगितलं, काळजीमुळे होत असेल. झोपेची गोळी लिहून दिली. घरी आले की अण्णा बंडी घालायचे आणि धडधड पुन्हा सुरू.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले तेव्हा ते खुर्चीत शाल पांघरून बसले होते. शाल सारखी घसरत होती, म्हणून मी माझ्या पदराची सेफ्टी पिन काढून त्यांच्या खांद्यावर लावायला गेले. पिन माझ्या बोटांतून सुटली आणि त्यांच्या छातीला जाऊन चिकटली.

त्या क्षणी माझे हातपाय गार पडले. मी त्यांची नाडी धरली. मिनिटाला शंभर. त्यांना गॅलरीपर्यंत चालवून आणलं, पुन्हा मोजली, शंभर. पाच मिनिटं शांत बसवलं, तरी शंभर. घड्याळाच्या टिकटिकीसारखी, एक ठोका इकडे नाही की तिकडे नाही. माणसाची नाडी अशी चालत नाही. ती उठताना वाढते, बसल्यावर उतरते. मी सुनेला म्हटलं, आधी ही बंडी काढ. बंडी काढली आणि माझ्या बोटांखाली नाडी बदलली. चौसष्ट.

आता यात काय झालं ते नीट सांगते, कारण हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे आणि ज्यांना पेसमेकर आहे त्यांनाही बहुतेक वेळा कोणी समजावून सांगितलेलं नसतं. पेसमेकर सतत हृदयाचं ऐकत असतो. हृदयाने आपणहून ठोका दिला तर तो गप्प बसतो, नाही दिला तर तो देतो. पण त्यात मुद्दामच एक सोय ठेवलेली असते. वरून चुंबक धरला की तो ऐकणं थांबवतो आणि ठरलेल्या वेगाने ठोके देत राहतो. ८५, ९० किंवा १००, जशी कंपनी तसा आकडा. ही सोय डॉक्टरांसाठी आहे, तपासणीच्या आणि शस्त्रक्रियेच्या वेळी वापरण्यासाठी. अण्णांची बंडी हेच काम रात्रंदिवस करत होती. हृदयाचा स्वतःचा ठोका वेगळा आणि यंत्राचा वेगळा, दोघं एकमेकांची वाट न पाहता चालले होते. अशा वेळी एखादा ठोका नेमका चुकीच्या क्षणी पडला तर हृदयाची लयच बिघडू शकते. असं क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. अण्णांचं नशीब की गोष्ट धडधडीवर थांबली.

पेसमेकरचा एक मोठा भाऊ असतो, त्याला आयसीडी म्हणतात. ज्यांचं हृदय अचानक भरकटून थांबण्याचा धोका असतो त्यांच्या छातीत तो बसवतात. लय भरकटली की तो आतूनच विजेचा धक्का देऊन माणसाला परत आणतो. त्याच्यावर चुंबक आला तर तो धक्का देण्याचं कामच थांबवतो, आणि तेही बहुतेकदा माणसाला काहीही न जाणवता. अण्णांना निदान धडधड झाली, म्हणून कळलं. आयसीडीवाल्याला काहीच होत नाही, तो पट्टा बांधून समाधानाने झोपतो, आणि ज्या रात्री यंत्राची गरज पडेल त्या रात्री ते गप्प असतं. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते.

आणि यासाठी लागणारं चुंबक काही फार जोरदार असावं लागत नाही. साधारण दहा गॉसच्या आसपास ही यंत्रं चुंबकाला प्रतिसाद द्यायला लागतात. गॉस हे चुंबकाची ताकद मोजण्याचं माप आहे. आमच्या एमआरआय विभागात पाच गॉसची एक हद्द आखलेली असायची. पेसमेकर असलेल्या माणसाने ती विचारल्याशिवाय ओलांडायची नाही, मग तो रुग्ण असो, नातेवाईक असो की दिवे दुरुस्त करायला आलेला वायरमन. आणि शिबिरातला माणूस अभिमानाने सांगतो की आमच्या पट्ट्यात आठशे गॉस आहे, दोन हजार गॉस आहे. कुणी म्हणेल, अण्णांचा पेसमेकर तर एमआरआय चालणारा आहे. हो, हल्लीचे बरेच तसे असतात. पण एमआरआयच्या आधी ते यंत्र खास पद्धतीने बदलून ठेवावं लागतं आणि नंतर पूर्ववत करावं लागतं. रोजच्या वेळी त्याच्यावर चुंबक आला तर तेही इतरांसारखंच वागतं.

छातीत असं यंत्र असलेल्या माणसाने चुंबक त्यापासून निदान पंधरा सेंटीमीटर दूर ठेवावा, असा साधा नियम आहे. आपल्या भाषेत, वीतभर तरी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२१ मध्ये मोबाइल आणि मनगटी घड्याळांसाठीही हाच सल्ला दिला, कारण नव्या फोनच्या पाठीत चुंबक असतो आणि माणसं तो शर्टाच्या डाव्या खिशात ठेवतात. खिशातल्या फोनबद्दल इतकी काळजी घेतली जाते, आणि आपण छातीवर चुंबकांची बंडी चढवतो.

हृदयाच्या यंत्रांवरच हे थांबत नाही. डोक्यात पाणी साठतं म्हणून काहींच्या मेंदूतून पोटात नळी सोडलेली असते. तिच्या झडपेचा दाब बाहेरून चुंबकानेच कमी-जास्त करतात. चुंबकाची उशी त्या झडपेची मांडणी बदलू शकते, आणि मग डोकेदुखी, गुंगी, तोल जाणं सुरू होतं. कानात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र, असलेल्यांच्या कातडीखाली स्वतःचाच एक चुंबक असतो. इन्शुलिन पंप लावलेल्यांनाही चुंबक दूर ठेवायला सांगतात. आपल्या संघांत अशी माणसं आहेत का? तुम्हाला माहीत नसेल, कारण आपण कधी विचारत नाही. सभासदत्वाच्या अर्जावर रक्तगट असतो, जन्मतारीख असते, लग्नाचा वाढदिवसही असतो.

आता दुसरी बाजू. ज्यांच्या अंगात असं कुठलंही यंत्र नाही त्यांचं काय? त्यांना या पट्ट्यांच्या चुंबकाने सहसा अपाय होत नाही, हे मी स्पष्टपणे सांगते. उगाच घाबरवणं मला पटत नाही. पण मग गुण तरी येतो का?

विक्रेते सांगतात की रक्तात लोह असतं, चुंबक ते ओढतो, रक्ताभिसरण वाढतं. ऐकायला पटतं. पण रक्तातलं लोह म्हणजे खिळ्यातलं लोखंड नव्हे. मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात ते तीन-चार ग्रॅम असतं, त्यातलं बहुतेक हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं. लिनस पॉलिंग या शास्त्रज्ञाने त्याच्या सहकाऱ्याबरोबर १९३६ मध्येच दाखवून दिलं होतं की प्राणवायू घेतलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलं जात नाही, उलट अगदी किंचित दूर लोटलं जातं. आणि माझा रोजचा अनुभव सांगते. आमचं यंत्र दीड टेस्लाचं, म्हणजे पंधरा हजार गॉसचं. बंडीतल्या चुंबकाच्या कितीतरी पट, आणि तेही एका ठिपक्यापुरतं नव्हे, सबंध शरीरातून आरपार. रक्त खरंच ओढलं जात असतं तर माणूस त्यात जिवंत राहिला नसता. आणि चुंबकाने सांधे बरे होत असते तर गुडघ्याचा एमआरआय करायला लंगडत आलेले लोक चालत बाहेर पडले असते. चौदा वर्षांत एकही माणूस टेबलावरून उठून मला म्हणाला नाही की बाई, माझं दुखणं गेलं.

लहान चुंबकाची ताकद अंतराबरोबर फार झपाट्याने उतरते. अंतर दुप्पट केलं की ती साधारण आठव्या हिश्शावर येते. पट्ट्याचं कापड, अस्तर, कातडी, चरबी ओलांडून कंबरेच्या मणक्यापर्यंत पोचेपर्यंत तिच्यातलं नावापुरतंच उरतं. पेसमेकर मात्र कातडीच्या लगेच खाली असतो. ज्या जागी गुण यायला हवा तिथे चुंबक पोचत नाही आणि जिथे पोचू नये तिथे पोचतो.

यावर संशोधनही झालं आहे. विक्रेते नेहमी एकाच अभ्यासाचं नाव सांगतात. ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात १९९७ साली पोलिओनंतरच्या दुखण्याच्या ५० रुग्णांवर झालेला. त्यात खऱ्या चुंबकाने बनावट चुंबकापेक्षा जास्त आराम पडल्याचं दिसलं, हे खरं आहे. पण त्यापुढचं ते सांगत नाहीत. २००० साली जुन्या कंबरदुखीच्या २० रुग्णांवर खरा आणि बनावट असे दोन्ही चुंबक आलटून पालटून वापरून पाहिले, फरक पडला नाही. २००३ मध्ये टाचदुखीच्या १०१ रुग्णांना आठ आठवडे चपलेत तळवे घालायला दिले, अर्ध्यांना चुंबकाचे, अर्ध्यांना साधे. दोन्ही गटांत साधारण एक तृतीयांश लोकांना चांगला आराम पडला. साध्या तळव्यांनीसुद्धा! २००७ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात अशा सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. दुखणं कमी करण्यासाठी चुंबकांची शिफारस करावी असा पुरावा मिळाला नाही. फक्त झिजेच्या संधिवाताबद्दल आणखी तपासायला हवं, असं ते म्हणाले. २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी आमवाताच्या ७० रुग्णांना चुंबकाचे आणि तांब्याचे पट्टे आळीपाळीने घालायला दिले. चुंबक काढून टाकलेल्या पट्ट्याने जेवढा फरक पडला तेवढाच खऱ्यानेही.

हे वाचून कुणी म्हणेल, मग मला बरं वाटतं ते काय खोटं? नाही, खोटं नाही. कंबरेला घट्ट पट्टा बांधला की आधार मिळतो, त्यात चुंबक असो वा नसो. बंडीने ऊब मिळते. आणि दुखणं मुळातच कमी-जास्त होत राहतं. ते सगळ्यात वाढलेलं असतं तेव्हा आपण पट्टा घेतो, त्यानंतर ते उतरतं आणि श्रेय पट्ट्याला जातं. शिवाय शिबिरात आणखी एक गोष्ट मिळते. दवाखान्यात आपल्याला तीन मिनिटं मिळतात. डॉक्टर कागदाकडे बघत बोलतात. शिबिरातला मुलगा समोर मांडी घालून बसतो, काकू म्हणतो, कुठे दुखतं ते हात लावून विचारतो, पाऊण तास ऐकतो. मी स्वतः एका शिबिरात मागे बसून हे पाहिलं. एकट्या राहणाऱ्या एक बाई त्याला आपल्या मुलाचे बेंगळुरूचे फोटो दाखवत होत्या. त्यांनी गादी घेतली. त्यांना गादी हवी होती असं मला वाटत नाही. ही पोकळी आपण, म्हणजे संघांनी, भरायला हवी होती.

शिबिरातल्या प्रात्यक्षिकांबद्दल थोडक्यात. हात आडवा धरायला लावतात, खाली दाबतात, हात झुकतो. मग कडं घालतात, पुन्हा दाबतात, आता झुकत नाही. दुसऱ्या वेळी आपलं शरीर तयार असतं आणि दाबणारा जागा किंवा दिशा किंचित बदलतो. घरी नातवंडाला लोखंडाचं साधं कडं घालून करून बघा, तसंच होईल. तांब्याखाली चकती ठेवून पाणी ‘चुंबकीय’ होत नाही, पाणी चुंबकत्व साठवून ठेवत नाही. आणि ‘रुग्णालयात एमआरआयला चुंबक वापरतात, मग हे खोटं कसं’ हा प्रश्न तर मला प्रत्येक ठिकाणी विचारतात. एमआरआय फोटो काढतो, उपचार करत नाही. नैराश्यासाठी किंवा न जुळणाऱ्या हाडासाठी डॉक्टर विजेच्या बदलत्या चुंबकीय लहरींची यंत्रं वापरतात, ती खरी आहेत, पण ती वेगळी. बंडीत शिवलेल्या चकतीचा त्यांच्याशी संबंध नाही.

पट्ट्याने अपाय होत नाही म्हणजे धोका नाही, असंही नाही. माझ्या अनुभवातला मोठा धोका उशिराचा आहे. कंबरदुखीवर चार महिने पट्टा बांधून शेवटी आमच्याकडे आलेल्या माणसाच्या मणक्यात क्षय निघाल्याचं मी पाहिलं आहे. मांडीच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, लघवीवर ताबा राहिला नाही, तर ते त्याच दिवशी रुग्णालयात जाण्याचं कारण असतं, पट्टा घट्ट करण्याचं नव्हे. डावा खांदा, जबडा, पाठ दुखतेय आणि घाम येतोय, तर ते हृदय असू शकतं. मधुमेहाने पाय बधिर झालेल्याने टणक चुंबकी तळवे चपलेत घातले तर जखम होते आणि त्याला ती कळत नाही. निफाड-दिंडोरीकडे आमच्या नात्यातल्या बायका द्राक्षाच्या छाटणीला दिवसभर हात वर करून काम करतात. त्यांचे खांदे दुखणारच. आठवडी बाजारात त्यांना हे पट्टे विकले जातात आणि दोन दिवसांची मजुरी जाते. त्यांना खरं तर खांद्याचे व्यायाम शिकवायला हवेत.

पट्टे जुने झाले की शिवण उसवते आणि गोल, चकचकीत चकत्या बाहेर येतात. घरात रांगणारं नातवंड असतं. एक गिळला तर बहुतेकदा निघून जातो. पण दोन गिळले, किंवा एक चुंबक आणि एखादं लोखंडी मणी, तर ते आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेढ्यांतून एकमेकांना पकडतात आणि मधलं आतडं चिमटून भोक पडतं. एक्स-रेवर ते एकमेकांना चिकटून एकाच ठिपक्यासारखे दिसू शकतात, म्हणून बाजूनेही फोटो काढावा लागतो. अशा वेळी घरी वाट बघायची नसते.

एमआरआयच्या खोलीबद्दलही सांगायलाच हवं. तिथला चुंबक कधी बंद नसतो, दिवे गेले तरी चालू असतो. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर घेऊन आत गेलेला एक तरुण नातेवाईक जिवानिशी गेला, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. आम्ही दारातच विचारायचो, अंगावर धातू आहे का? पट्टा बांधून आलेले नाही म्हणायचे. त्यांच्या मते ते औषध होतं. सुजोकवाले, म्हणजे हातापायांच्या बिंदूंवर उपचार करणारे, बोटांना टेपने चिकटवतात ती बीएवढी चुंबकं तर माणसं विसरूनच गेलेली असतात. म्हणून माझी शेवटची काही वर्षं मी वेगळा प्रश्न विचारायचे. दुखण्यासाठी काही बांधलंय, चिकटवलंय किंवा चपलेत घातलंय का? मग मात्र पदराआडून, मोज्यातून, कमरेतून गोष्टी निघायच्या.

आता तुमच्याकडे येते. सभागृह तुमच्या सहीने मिळतं. पत्रिकेत तुमच्या संघाचं नाव छापलं जातं. अण्णांना मी विचारलं, तुम्ही आयुष्यभर नोटा मोजल्या, फसवणारा माणूस तुम्ही बारा कोसांवरून ओळखता, मग हे कसं घेतलंत? ते म्हणाले, “संघाने बोलावलेला माणूस होता गं.” त्यांनी त्या माणसावर विश्वास ठेवला नव्हता, तुमच्यावर ठेवला होता. माझी तक्रार एवढीच आहे आणि ती त्या विक्रेत्यापेक्षा आपल्याबद्दल जास्त आहे, कारण मीही संघातच आहे आणि आमच्या सभागृहात असं शिबिर झालं तेव्हा मीही काही बोलले नव्हते.

कायदा काय म्हणतो तेही पाहा. औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ पासून आहे. शरीराच्या कार्यावर परिणाम करण्यासाठी दिलेली, खाद्यपदार्थ सोडून कुठलीही वस्तू त्याच्या व्याख्येत ‘औषध’ ठरते. त्याच्या यादीत ५४ विकार आहेत, त्यांत मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात आणि संधिवातही आहेत. ते बरे करण्याची जाहिरात करता येत नाही. आणि जाहिरात म्हणजे फक्त छापील कागद नव्हे, तोंडाने केलेली घोषणाही त्यात येते. म्हणजे आपल्या माइकवरून कोणी ‘साखर उतरते, बीपीची गोळी सुटते’ असं बोलला तर ती आपल्या सभागृहात केलेली जाहिरात आहे. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. घरोघर जाऊन विकणाऱ्यांसाठी डिसेंबर २०२१ पासून थेट विक्रीचे नियम आहेत. ओळखपत्र आणि आधी घेतलेली परवानगी असल्याशिवाय त्यांनी दारात येऊ नये. फसवल्याची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते, आणि असे दावे ऐकू आले तर अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात संघाच्या लेटरहेडवर लेखी कळवता येतं. एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या अर्जापेक्षा संघाच्या अर्जाला वजन असतं.

माझं मागणं मोठं नाही. कुठल्याही चुंबक शिबिराला सभागृह देण्याआधी कार्यकारिणीने त्या माणसाकडून लेखी घ्यावं की तो प्रत्येकाला आधी पेसमेकर, आयसीडी, मेंदूतली नळी, कॉक्लिअर आणि इन्शुलिन पंपाबद्दल विचारेल, कुठलाही आजार बरा करण्याचा दावा करणार नाही, पक्कं बिल देईल आणि माल परत घेण्याची मुदत त्यावर लिहील. माझा अंदाज आहे की एवढं लिहून द्यायला सांगितलं तर बरेच जण दुसरं सभागृह शोधतील, म्हणून तर सगळ्या संघांनी हे एकत्र ठरवायला हवं. पाथर्डी फाट्याने नाही म्हटलं आणि पंचवटीने हो म्हटलं तर काही उपयोग नाही. सभासदत्वाच्या अर्जात ‘अंगात बसवलेलं यंत्र’ अशी एक ओळ वाढवावी. आणि २०२७ च्या सिंहस्थात आपले कितीतरी सभासद गोदाकाठी सेवेला जातील, तिथे असे पट्टे विकणारे येतीलच, तेव्हा आपल्या स्वयंसेवकांना या यंत्रांबद्दल आधीच माहिती द्यावी.

ज्यांनी पट्टा घेतला आहे, ज्यांच्या अंगात यंत्र नाही, ज्यांनी दुखण्याची तपासणी करून घेतली आहे आणि गोळ्या बंद केलेल्या नाहीत, त्यांनी तो फेकून द्यावा असं मी म्हणणार नाही. आधार वाटत असेल तर वापरा, नातवंडांपासून दूर ठेवा आणि एमआरआयला जाताना सांगा. ज्यांच्या छातीत यंत्र आहे त्यांनी मात्र हे पत्र वाचून झाल्याबरोबर पट्टा, बंडी, गादी अंगापासून दूर करावी आणि आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करून सांगावं की आपण काय वापरत होतो. संकोच करू नका. अण्णांनी सांगितलं तेव्हा डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी स्वतःहून म्हटलं की बंडीबद्दल विचारायला हवं होतं.

पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हे पत्र वाचून दाखवावं, अशी विनंती. तुमच्या संघात येऊन अर्धा तास बोलायला मी तयार आहे, सकाळी हरिपाठाच्या आधी किंवा संध्याकाळी, मानधन नको. अण्णांची बंडी माझ्याकडे आहे. ती आणि माझी सेफ्टी पिन मी बरोबर आणेन.

आपली,
एक निवृत्त एमआरआय तंत्रज्ञ
इंदिरानगर, नाशिक